तळाच्या चार ओळी

ज्या परिच्छेदाबद्दल हे लिहीत आहे, तो चार ओळींचा होता. एका सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांसाठी असलेल्या माहितीच्या पानावर, अगदी तळाशी, ‘इतर’ अशा मथळ्याखाली तो होता. तो मी काढला. त्यानंतर अकरा आठवड्यांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरच्या डार्विन शहरातल्या एका बाईने ते पान समोर ठेवून, त्यातली प्रत्येक पायरी पाळून, आपल्या लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर अपग्रेड केले. तिच्याकडे एकतीस कॅसेटमधली गाणी होती. ती शाबूत राहिली. ती कोणी म्हटली होती, त्या बायकांची नावे गेली.

याची बातमी होत नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवतो.

पुण्यातल्या एका दैनिकात मी नऊ वर्षे डेस्कवर होतो, शेवटची तीन मुख्य उपसंपादक म्हणून. बायकोला सिडनीत नोकरी मिळाली तेव्हा आम्ही तिथल्या स्कोफिल्ड्स या उपनगरात राहायला आलो. तिथली घरे नवी होती, काही रस्त्यांना अजून फुटपाथ नव्हते आणि संध्याकाळी बाबागाड्या घेऊन फिरणाऱ्यांत निम्मे लोक मराठी, तेलुगू नाहीतर पंजाबी बोलत. मी एका मेडिकल सेंटरच्या रिसेप्शनवर आठवड्याचे चार दिवस काम करू लागलो. उरलेल्या वेळात टेक्निकल रायटरच्या जागांसाठी अर्ज करायचो. एखादे यंत्र किंवा सॉफ्टवेअर कसे वापरायचे हे सोप्या भाषेत लिहिणाऱ्याला इथे तसे म्हणतात. उत्तरे सभ्य असत. लोकल एक्स्पिरियन्स नाही, एवढाच त्यांचा अर्थ असे.

ओपन सोर्समध्ये काम कर, असे बायकोने सुचवले. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कॅसल हिलच्या पुढच्या एका ऑफिसात जाते. ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना खुला असतो आणि जे बरेचदा लोक आपापल्या सवडीने, फुकट बनवतात. “कोड लिहायला सगळे तयार असतात. तो वापरायचा कसा, हे लिहायला कोणी नसतं,” ती म्हणाली. “तिथे तुला कोणी नाही म्हणणार नाही.”

कोणी नाही म्हटले नाही.

मी निवडलेले सॉफ्टवेअर जुन्या ध्वनिमुद्रणांची नोंद ठेवण्यासाठी होते. आवाजाची फाइल चढवायची, तिच्यापुढे कोण बोलते आहे, कुठे, केव्हा, कशाबद्दल, हे रकाने भरायचे, मग हवे ते शोधता येते. ॲडलेडजवळच्या एका गावात राहणाऱ्या डेव्हलपरने ते आपल्या गावच्या इतिहास मंडळासाठी लिहिले होते. दिवसा तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरी करायचा. पुढे इतर गावांची मंडळे, काही वाचनालये आणि घरात जुन्या टेपा असलेली माणसे ते वापरू लागली.

त्याची माहिती चार ठिकाणी विखुरलेली होती. एक विकी होते, त्यात एकाच गोष्टीची दोन-दोन पाने होती. एक पीडीएफ कोणीतरी उत्साहाने करून सोडून दिलेली होती. कोडबरोबर येणारी एक फाइल होती. आणि उरलेली, बहुधा सर्वांत उपयोगी माहिती प्रश्नोत्तरांच्या फोरमवर, वाद आणि आभारांच्या मधोमध पडलेली होती. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर डेव्हलपरने त्याबद्दल माफी मागितली. तो पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस होता. मी विचारले, कुठपर्यंत बदल करू? तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर, नो वरीज.

मी सगळी पाने छापून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर लावली. प्रत्येक पानाची वहीत एक ओळ केली: ठेवणे, जोडणे, काढणे. मुलीने विचारले, “बाबा, इज दॅट होमवर्क?” मी हो म्हटले.

डेस्कवर शिकवलेल्या गोष्टी मोजक्या असतात आणि त्या कायम राहतात. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, बातमी लांब झाली की खालून काप. वार्ताहर महत्त्वाचे ते वर लिहितो, मग कमी महत्त्वाचे, शेवटी शेपूट. जागा कमी पडली की शेपूट जाते. पान सोडायला दहा मिनिटे असताना बातमी वाचून तिचा अर्थ लावत बसायला वेळ नसतो. डोळा तळाशी जातो आणि हात चालतो. मी त्यात वेगवान होतो. वार्ताहर माझ्यावर रागावत आणि पान वेळेवर सुटे.

डार्विनच्या बाईशी ओळख फोरमवर झाली. तिने इंग्रजीत प्रश्न टाकला होता की एका गाण्याला गाणाऱ्या अनेक जणी असतील तर काय करायचे, कारण ‘वक्ता’ या रकान्यात एकच नाव मावते. सोबत स्क्रीनचे चित्र होते. गाण्यांची शीर्षके मराठीत होती. मी उत्तर मराठीत दिले आणि खाली माझा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. जयभीम करून तिने विचारले की मी कुठला, आणि मग सरळ, “तू वयाने लहान आहेस ना? मग मी अरे-तुरे करते.” मी तिला ताई म्हणू लागलो.

ती डार्विनच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, तिथे जाऊन तिला वीस वर्षे होत आली होती. तिचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते आणि विक्रोळीच्या एका वस्तीत राहत. त्यांनी हप्त्यावर टेपरेकॉर्डर घेतला होता. जयंतीला, बारशाला, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, विहाराच्या पायऱ्यांवर वस्तीतल्या बायका गात, आणि ते मशीन मांडीवर घेऊन समोर बसत. गाणी बायकांनीच रचलेली होती. काही कोणी लिहूनही ठेवली नव्हती. वडिलांनी कॅसेटवर फक्त तारीख घातली. नावे घातली नाहीत, कारण कोण गाते आहे हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होते.

वडील गेल्यावर ती कॅसेट डार्विनला घेऊन आली. तिथल्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरू लागली. काही टेपा एकदा वाजल्या आणि पुन्हा वाजल्या नाहीत. म्हणून तिने सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. नावे सांगणारे एकच माणूस उरले होते, तिची आई. ती विक्रोळीलाच धाकट्या मुलाकडे होती.

अनेक जणींच्या अडचणीवर मी तिला उपाय सांगितला. सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हवा तो नवा रकाना करता येत असे. तिने दोन केले. एकाला नाव दिले ‘गाणाऱ्या’, दुसऱ्याला ‘कोण कोणाची’. दुसऱ्यात ती अमुकची सासू, तमुकची थोरली, अशी नाती लिही. तिचा प्रश्न मला इतका चपखल वाटला की ‘स्वतःचे रकाने कसे करावेत’ हे पान मी पुढे तिच्याच उदाहरणावरून लिहिले.

दर रविवारी डार्विनच्या दुपारी तीनला ती आईला फोन लावी. तेव्हा भारतात सकाळचे अकरा वाजलेले असत. ती लॅपटॉपवर गाणे वाजवी, फोन जवळ धरी, आणि आई ऐकून नावे सांगे. लोक सॉफ्टवेअर प्रत्यक्षात कसे वापरतात ते मला पाहायचे होते, म्हणून एका रविवारी मीही त्या कॉलवर होतो.

गाणे सुरू झाले. टाळ्या, एक पुढे जाणारा आवाज, मागून पाच-सहा आवाज. आई म्हणाली, “थांब. परत लाव.” परत लावले. “ही टाकीपाशी राहायची. हिचा सूर नेहमी पुढे पळायचा. तुझे बाबा म्हणायचे, हिला गाडी पकडायचीय.” मग तिने नाव सांगितले.

“आणि मागची, जाड आवाजाची?” ताईने विचारले.

“ती हिची जाऊ. दोघी बोलत नव्हत्या एकमेकींशी. गाण्यापुरत्या शेजारी बसायच्या.”

“खोकतंय कोण?”

“मी. तुझा भाऊ पोटात होता. त्याचंपण नाव लिही, तालावर लाथा मारत होता.”

ताई हसली आणि लिहीत गेली. मी माझ्या वहीत ती कुठे क्लिक करते, कुठे अडते, कोणते बटण तिला सापडत नाही, ते टिपत होतो. त्या दिवशी आईने सांगितलेली सगळी नावे मीही ऐकली. वही अजून आहे. तिच्यात बटणांची नावे आहेत.

हे काम अडीच वर्षांहून जास्त चालले. ताईच्या शिफ्टमुळे काही रविवार बुडत, कधी आईला बरे नसे. सुरुवातीच्या दोन कॅसेटची नावे ताईने आधी हॉस्पिटलच्या रोस्टरच्या, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाच्या, पाठकोऱ्या कागदावर लिहिली होती. पुढे ती थेट लॅपटॉपवर भरू लागली. शेवटची कॅसेट संपली तेव्हा तिने मला मेसेज केला, ‘झालं सगळं.’ त्याच वर्षी, इथल्या हिवाळ्यात, आई घरात पडली. तपासणीत लहान-लहान स्ट्रोक येऊन गेल्याचे निघाले. बोलणे राहिले, नावे जाऊ लागली. ती ताईला तिच्या मावशीच्या नावाने हाक मारू लागली. ताईने हे मला सांगितले तेव्हा वर म्हणाली, “वेळेत झालं बघ आपलं.”

त्याच सुमारास मी ‘अपग्रेड कसे करावे’ या पानावर आलो होतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येऊन बरेच दिवस झाले होते आणि जुनी बंद होणार होती. मूळ पान फार लांब होते. कोणत्या परिस्थितीत काय होईल याच्या शक्यता एकाखाली एक रचलेल्या होत्या. मी पायऱ्या सहावर आणल्या. पहिली पायरी: बॅकअप घ्या. पान तरीही एका स्क्रीनमध्ये मावत नव्हते. मी तळाशी गेलो. तिथे ‘इतर’खाली तो परिच्छेद होता. त्यात म्हटले होते की वापरकर्त्याने स्वतः केलेले रकाने बॅकअपमध्ये येत नाहीत. अपग्रेड करण्याआधी ते वेगळे काढून घ्यावेत, नाहीतर ते पुसले जातील.

मी तो वाचला. स्वतःचे रकाने करणारी माणसे थोडी, असा विचार केल्याचे मला आठवते. ताईची आठवण झाली नाही. महिन्याभरापूर्वी तिचे उदाहरण घेऊन लिहिलेले पान त्याच वहीत चार ओळी वर नोंदलेले होते. तरी झाली नाही. तळाचे होते, काढले. पान एका स्क्रीनमध्ये मावले.

डेव्हलपरने तो बदल मंजूर केला. पान आता खरेच वाचता येते, असे त्याने लिहिले.

पाच आठवड्यांनी मला मुलाखतीचे बोलावणे आले. कंपनी मोठी होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी जुने पान आणि मी केलेले पान स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. त्यांनी विचारले, काय काढायचे हे कसे ठरवता? मी डेस्कची पद्धत सांगितली. त्यांना ती आवडली. नोकरी मिळाली. बायको म्हणाली, शेवटी पेपरची नोकरी कामाला आली. आम्ही त्या शनिवारी मुलीला घेऊन बाहेर जेवायला गेलो.

ताईचा फोन आला तेव्हा मी नव्या ऑफिसात जेवत होतो. ती शांत होती. तिने विचारले, “अपग्रेड केल्यावर आपले रकाने कुठे जातात? नवीन मेनूत कुठे दिसत नाहीयेत.” मी म्हणालो, बघतो. तिने बॅकअप घेतला होता. अपग्रेडला हात लावायच्या आधी घेतला होता. पान छापून, प्रत्येक पायरीपुढे पेनाने बरोबरची खूण करत केले होते. नर्सची सवय, ती म्हणाली.

मी जुने पान उघडले. अशा प्रकल्पांत प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, कोणी काय काढले, केव्हा काढले, हे कोणालाही दिसते. काढलेल्या ओळी लाल पट्ट्यात दिसतात. चार लाल ओळी होत्या आणि वर माझे नाव.

मी तिला लगेच सांगितले नाही. आधी डेव्हलपरला लिहिले. त्याने तिच्याकडून बॅकअप मागवला, लॅपटॉपवरची फाइलही मागवली आणि तीन संध्याकाळी शोधले. नव्या आवृत्तीने नोंदींची जुनी फाइल पुसून त्याच जागी नवी लिहिली होती. बॅकअपमध्ये ते रकाने कधी गेलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याने मला कॉल केला. तो रागावला नव्हता. त्याने सांगितले की तो परिच्छेद त्याने स्वतः लिहिला होता, एका गावच्या मंडळाची दोन वर्षांची मेहनत अशीच गेल्यावर. मी विचारले, मग इतके महत्त्वाचे होते तर तळाशी का?

“ते शेवटी होतं, कारण ते सगळ्यात शेवटी घडलं होतं,” तो म्हणाला. “काही बिघडलं की मी खाली एक ओळ वाढवतो. असंच लिहीत आलोय.”

मी नऊ वर्षे जिथे काम केले तिथे ताजे ते वर जाई. इथे ताजे ते खाली जात होते. ही पाने वरून खाली नुकसानीच्या क्रमाने वाढली होती, आणि मी ती खालून कापत आलो होतो. त्या संध्याकाळी मी वही काढून काढलेले सगळे तळ तपासले. आणखी सात सूचना निघाल्या. त्या आणि अपग्रेडच्या पानावरचा तो परिच्छेद, सगळे होते तिथे परत घातले. त्यांतल्या कोणत्या सूचनेअभावी कोणाचे काय गेले, हे कळायचा मार्ग नव्हता. ज्यांचे जाते ती माणसे बहुधा कळवत नाहीत, वापरणे सोडतात.

ताईला फोन केला तेव्हा ती ड्यूटीवर निघायच्या तयारीत होती. मी आधी सांगितले की रकाने परत येणार नाहीत. तिने विचारले की डेव्हलपरने नीट पाहिले का. मी हो म्हटले. मग बाकीचे सांगितले.

“ते पान मी केलंय, ताई. त्यात खाली एक परिच्छेद होता, रकाने आधी वेगळे काढून घ्या असं सांगणारा. तो मी काढला.”

तिने तिकडे पंखा बंद केल्याचे ऐकू आले.

“तू वाचला होतास तो?”

“हो.”

“पूर्ण?”

“हो.”

“मला वाटलं, न वाचता उडाला असेल,” ती म्हणाली. “वाचून काढलास.”

मग तिने सांगितले की तिला उशीर होतो आहे, आणि फोन ठेवला.

दोन आठवडे तिने फोन केला नाही. मी दोन मेसेज केले, ते तिने वाचले. त्यानंतर एका रविवारी तिनेच फोन केला आणि कॉलवर राहा म्हणाली. तिला आईला पुन्हा विचारायचे होते. “तू लिहून घे,” ती म्हणाली. “कागदावर. मला लिहायला जमणार नाही.” मी कागद घेतला.

भावाने फोन आईच्या कानाशी धरला होता. तो मध्ये-मध्ये सांगत होता, आई, ताई आहे, ऐक. गाणे सुरू झाले. आईने दुसऱ्या ओळीपासून सूर धरला. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द एकही चुकला नाही. पाच कडवी तिने म्हटली. टेपवर मध्येच कोणीतरी हसते तिथे ती थांबली आणि हसून पुढे गेली.

“आई, ही कोण गं? पुढे गातेय ती?”

“कोण?”

“ही बघ. आता आली ती.”

“चांगलं म्हणतेय,” आई म्हणाली.

त्या दिवशी दोन नावे मिळाली. ती दोन्ही रोस्टरच्या कागदावर आधीपासून होती. पुढच्या रविवारी एक नाव मिळाले, ते आईच्या सख्ख्या बहिणीचे. ती बहीण लग्न होऊन सोलापूरला गेलेली होती आणि त्या वर्षी वस्तीत नव्हती, असे ताई म्हणाली. मी ते खोडले. तिसऱ्या रविवारी आई प्रत्येक आवाजाला ‘मीच’ म्हणू लागली. टाकीपाशी राहणारी ‘मीच’, जाड आवाजाची ‘मीच’. भाऊ म्हणाला, “अगं, सगळ्या तूच कशा?” आई म्हणाली, “मग कोण?” आणि गाऊ लागली. ताईने गाणे संपू दिले. मी कागदावर काही लिहिले नाही.

वस्तीत विचारून पाहिले. वस्ती राहिलेली नव्हती. तिच्या जागी इमारती उभ्या होत्या आणि जुनी बिऱ्हाडे अंबरनाथ, टिटवाळा, कुठे कुठे गेली होती. भाऊ फोनवर गाणी घेऊन तिघा-चौघांकडे जाऊन आला. वयस्कर बायका बहुतेक गेल्या होत्या. त्यांच्यापैकी दोघींच्या मुलींनी एकाच आवाजावर आपापल्या आईचा हक्क सांगितला, आणि त्यावरून त्यांच्यात बोलाचाली झाली. भाऊ पुन्हा गेला नाही.

आई त्या उन्हाळ्यात गेली, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात. डार्विनला तेव्हा पावसाचे दिवस होते. ताईला पोहोचायला दीड दिवस लागला.

परतल्यावर तिने मला एका कामासाठी फोन केला. विहाराच्या कमिटीने जयंतीला ही गाणी लावायचे ठरवले होते. त्यांना गाण्यांची यादी हवी होती, गाणाऱ्यांच्या नावांसकट, म्हणजे त्यांच्या घरच्यांना बोलावता येईल. सॉफ्टवेअरमधून यादी काढायची तर ‘वक्ता’ हा मूळ रकाना रिकामा चालत नव्हता. ताईने तो पूर्वीपासून एका टिंबाने भरला होता, कारण खरी नावे तिच्या रकान्यात होती. आता यादीत जवळजवळ प्रत्येक गाण्यापुढे नुसते टिंब येत होते.

“काय लिहू?” तिने विचारले. “लिहिणारा माणूस तू.”

मी म्हटले, साधारणपणे अशा वेळी ‘अज्ञात’ लिहितात.

“अज्ञात कशा?” ती म्हणाली. “मला आईने एकेकीचं नाव सांगितलंय. मी ऐकलंय, मी लिहिलंय. अज्ञात नव्हत्या त्या.”

मी दुसरा शब्द शोधू लागलो. ‘नोंद उपलब्ध नाही’ हे सरकारी वाटले आणि खरेही नव्हते; नोंद होती. ‘नावे गहाळ’ म्हटले तर ऐकणाऱ्यांनी विचारले असते, कोणी केली. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. कमिटीतल्या कोणीतरी भावाला सांगितले होते की एवढा विचार कशाला, महिला मंडळ लिहा. सगळ्या कॅसेटांवर तसेच लिहितात.

“मंडळ होतं का त्यांचं?” मी विचारले.

“नव्हतं. पायरीवर बसायच्या,” ती म्हणाली. “पण आता तेच लिही.”

रोस्टरच्या कागदावरच्या दोन कॅसेटची नावे तिने ‘गाणाऱ्या’ हा रकाना पुन्हा करून आधीच भरून घेतली होती. बाकी सगळ्या नोंदी एकेक करून उघडाव्या लागल्या असत्या. मी सांगितले की एकच आज्ञा देऊन बाकी सगळीकडे एकदम भरता येते, मी माझ्या इथून करू शकतो. मला वाटले होते की ती नको म्हणेल, स्वतः करीन म्हणेल.

“एकदम कर,” ती म्हणाली. “मला एकेक उघडवत नाही.”

त्याच आठवड्यात मी अपग्रेडच्या पानावर तो परिच्छेद तळातून उचलून सर्वांत वर, चौकटीत घातला. तेव्हापासून त्या अडचणीची एकही तक्रार आलेली नाही. डेव्हलपरने तपासून सांगितले की त्याच्या माहितीत जुनी आवृत्ती वापरणारे कोणी उरलेले नव्हते. ताई शेवटची होती.

नोंदी भरण्याचे काम मी शनिवारी दुपारी केले. तिने इंटरनेटवरून तिच्या लॅपटॉपचा ताबा मला दिला होता आणि ती फोनवर होती. मी आधी बॅकअप घेतला आणि बॅकअप उघडून पाहिला. मग आज्ञा लिहिली, तिला वाचून दाखवली आणि बटण दाबले. चार सेकंद लागले असतील. मी मधल्या पाच-सहा नोंदी उघडून पाहिल्या. सगळीकडे ‘महिला मंडळ’ बरोबर भरले होते. मी तिला तसे सांगितले. ती बरं म्हणाली, आणि यादी कशी छापायची ते विचारले.